गाऱ्हाणं देवाला, माफी माणसाला

कोकणातल्या वाडीत दोन मित्रांचं बिनसलं तर ते कुणी जाहीर करत नाही. वाट बदलते, एवढंच. परड्यातून परड्यात जाणारी जवळची पायवाट सोडून माणूस गडग्याला, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाला, वळसा घालून, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, एसटीच्या थांब्यावर जायला लागतो. पावसाळा लागला की त्या पायवाटेवर रान माजतं, आणि कधीतरी बेड्यात, म्हणजे कुंपणातल्या येण्याजाण्याच्या जागी, काटेरी फांदी आडवी पडते. मग पोरांनाही न सांगता कळतं की तिकडे खेळायला जायचं नाही. कारण विचारावं तर दोन घरं दोन कारणं सांगतात आणि दोन्ही खरी असतात.

यात मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. हेच दोघे ग्रामदेवतेच्या सभामंडपात चार हातांच्या अंतरावर उभे असतात. देव एक, तरंग (देवाची सजवलेली काठी) एक, गाऱ्हाणं एक. गुरव किंवा गावकर म्हणतो, ‘काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, नि लेकरांची राखण कर रे महाराजा,’ आणि दोघेही एकाच दमात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. म्हणजे चूक झाली असेल हे दोघांना देवापुढे मान्य आहे. देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र दोघे दोन दिशांना जातात.

गाऱ्हाण्याची रीत मोठी शहाणी आहे. ते एकट्याचं नसतं, साऱ्या गावाच्या वतीनं घातलेलं असतं, म्हणून त्यात चुकीचा तपशील येत नाही. ‘चुकला-माकला’ म्हटलं की पुरतं, कारण देवाला तपशील सांगावा लागत नाही अशी आपली श्रद्धा. मित्राचं तसं नाही. त्याला तपशीलच हवा असतो. कोणत्या दिवशी, कुणाच्या देखत, काय बोललो, कुठला पैसा लपवला, हे आपल्या तोंडून निघेपर्यंत त्याचा जीव शांत होत नाही. देवापुढची सरसकट माफी घेऊन माणूस मित्राकडे जातो आणि ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणतो, तिथंच गाडी अडते. समोरच्याला वाटतं, याला काय झालं हे अजून कळलेलंच नाही.

कौलाचंही तेच. देवाच्या पाषाणाला पाण्यात बुडवलेल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. विहीर कुठे खणावी, सोयरीक करावी का, असं विचारायला माणसं जातात, जावं. पण ‘मी अमक्याकडे माफी मागायला जाऊ का?’ याचा कौल लावू नये असं माझं ठाम मत आहे. कौल लागतो तो मन दोन्हीकडे सारखं ओढत असेल तेव्हा. चूक आपली आहे हे ठाऊक असताना कौल मागणं म्हणजे डाव्या कळीची वाट बघणं. ती पडली की न जायला देवाचीच सबब मिळते.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे देवापुढे ठेवलेला नारळ. रागाच्या भरात माणूस देवळात जातो, नारळ ठेवतो आणि ‘माझ्यावर अन्याय केलेल्याचं तूच बघ’ असं बोलून येतो. गावात हे लपत नाही. पुढे दुसऱ्याच्या घरात आजारपण आलं, म्हैस मेली, पोरग्याची नोकरी गेली, की बोट त्या नारळाकडे जातं. मूळ भांडण पाचशे रुपयांचं असलं तरी आता त्यात शापाची भीती मिसळलेली असते. असा नारळ ठेवला असेल तर मैत्री जोडायच्या आधी ज्यानं ठेवला त्यानंच देवळात जाऊन, गुरवाच्या साक्षीनं, ते बोलणं मागे घ्यायला हवं. आणि मागे घेतलं हे दुसऱ्याला कळवायला हवं. मनातल्या मनात मागे घेतल्यानं त्या घरातली भीती जात नाही.

या किनाऱ्यावर देवळासोबत मशिदी आहेत, चर्चं आहेत, सिनेगॉगही आहेत, आणि या एका बाबतीत सगळ्यांचं सांगणं विलक्षण जुळतं. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं होती, काही अजून आहेत. योम किप्पूर हा त्यांचा प्रायश्चित्ताचा उपवास. त्यांचं धर्मशास्त्र सांगतं की माणसानं देवाचे केलेले अपराध त्या दिवशी धुतले जातात. शेजाऱ्याचे केलेले अपराध मात्र शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय धुतले जात नाहीत. तीनदा जाऊन विनवावं, तरीही तो अडून बसला तर पुढचं ओझं त्याचं. ख्रिस्ती शुभवर्तमानात तर पूजेच्या मधूनच उठून जायला सांगितलंय: वेदीवर अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. वसई असो की वेंगुर्ला, धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणाऱ्यालाही चोरलेलं परत करणं आणि झालेलं नुकसान शक्य तेवढं भरून देणं सुटलेलं नाही. कोकणी मुसलमान घरांत पोरांना लहानपणीच शिकवतात की भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो.

आधी माणूस, मग देव. हा क्रम मान्य केला की पुढचं काम कष्टाचं असलं तरी सरळ असतं.

कोकणात मैत्री मोडते ती बहुतेक तीन ठिकाणी. गडग्यावर, होडीच्या वाट्यात, नाहीतर कलमांच्या बागेत. बागेचंच घेऊ, कारण तिथं पैसा, मेहनत आणि झाड तिन्ही गुंतलेली असतात.

समजा एकाची जमीन आणि कलमं, दुसऱ्याची फवारणी, राखण आणि विक्री, उत्पन्न अर्धं-अर्धं. हापूस एक वर्ष भरभरून लागतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. चांगल्या वर्षात हिशेब कुणी विचारत नाही. पडत्या वर्षात, त्यातून मोहोरावर तुडतुडा आला किंवा अवकाळी पाऊस झाला की, विचारतात. तेव्हा वाशीच्या बाजाराची पट्टी, म्हणजे दलालानं दिलेला विक्रीचा हिशेब, बाहेर येते. पट्टीत वरती एक रक्कम असते, मग गाडीभाडं, हमाली वगैरे कापून खाली हाती आलेली रक्कम. विकणारा खालचा आकडा सांगतो, मालक वरचा धरून बसतो. पेटी पाच डझनांची होती की सहाची, यावरून शब्द वाढतो. त्यात हंगामाआधी दलालाकडून घेतलेली उचल एकानं दुसऱ्याला सांगितलेली नसते. लबाडी असेलच असं नाही. पुष्कळदा घरात कुणाचं ऑपरेशन असतं, आणि सांगायची लाज वाटते.

म्हणून माफीच्या आधी हिशेब. उलट क्रमानं केलं की फसतं: गळाभेट होते, डोळे पाणावतात, आणि दोन महिन्यांनी तोच आकडा परत मधे येऊन बसतो. आता मात्र तो विचारायचीही चोरी होते, कारण ‘मिटलं’ म्हणून झालेलं असतं.

हिशेब मांडायचा तो वहीच्या पानावर आणि वर्षवार. किती पेट्या गेल्या, पट्टीची वरची रक्कम, कपात, खालची रक्कम, फवारणीचा खर्च, राखणदाराचा पगार, तोडणीची मजुरी, उचल. पट्ट्या हरवल्या असतील तर दलालाकडे चौकशी करावी, त्याच्या वहीत नोंद असते. जे आठवत नाही तिथं अंदाज न लिहिता जागा कोरी ठेवावी आणि समोर बसल्यावर दोघांनी मिळून भरावी. मित्राला दिलेले घरगुती उसने पैसे या पानावर आणू नयेत. त्याचं पान वेगळं. आणि घरातल्या बायकांना विचारावं. आंबा निवडून पेंढ्यात त्यांनी भरलेला असतो. कोणत्या दिवशी किती पेट्या बांधल्या, हे पुष्कळदा त्यांनाच बिनचूक आठवतं, आणि या भांडणात त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

पैशाचा प्रश्न निदान आकड्यात मावतो. झाडाचा मावत नाही. बागेतल्या वैराचं एक मोठं कारण म्हणजे कल्टार, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. ते मुळाशी घातलं की मोहोर लवकर येतो, आंबा आधी बाजारात पोचतो आणि भाव चांगला मिळतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलीची आहे, आणि ते पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये घालायचं. ज्याच्याकडे बाग दोन-तीन वर्षांच्याच बोलीवर आहे त्याचा हात इथं सैल सुटतो. जास्त मात्रा गेली की नवी पालवी आखूड येते, पानं झुपक्यानं एकत्र होतात, फांदीची वाढ खुंटते. मालकाच्या आजोबांनी घागरीनं पाणी घालून जगवलेलं कलम असतं ते. तिथं तो ‘माझं नुकसान झालं’ असं म्हणत नाही, ‘माझं झाड मारलं’ म्हणतो. त्याला पैसे देऊ केले तर तो आणखी चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे.

इथं माफी हातांनी मागावी लागते. ज्या झाडांना त्रास झाला ती दोघांनी फिरून मोजावीत, बुंध्याला चुन्याची खूण करावी. त्यांना पुढचे हंगाम कल्टार पूर्ण बंद. पावसाच्या सुरुवातीला मोठ्या कलमाला ५० किलोपर्यंत शेणखत, आळं नीट करून, विस्ताराच्या कडेनं चर काढून. वाळक्या फांद्या तोडून कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. हे सगळं ज्याच्याकडून चूक झाली त्यानं स्वतः, स्वतःच्या खर्चानं, गडी न पाठवता करावं. झाड एका पावसात सावरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवी पालवी लांब येऊ लागली की मालकाला ती आपोआप दिसते. मित्र दर पावसाळ्यात कुदळ घेऊन येतोय हेही त्याला दिसत असतं, आणि त्याच्या रागावर उतारा कोणता असेल तर तो हाच.

गडग्याच्या भांडणाचं थोडक्यात. सातबारा आणि नकाशा बघून भागलं तर उत्तम. मोजणीच आणायची तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायच्या आधी मित्राला सांगावं, जमलं तर फी अर्धी-अर्धी भरावी. एकानं परस्पर अर्ज केला की दुसऱ्याला लगतचा कब्जेदार म्हणून नोटीस जाते, आणि घरात सरकारी कागद आल्यावर बोलणं संपतं. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या झाल्या. हद्दीचा वाद समितीपुढे मिटू शकतो, त्याचा कागदही होतो. मैत्री मात्र त्या कागदात बसत नाही. समितीपुढे दोघे सही करतात आणि घरी जाताना पुन्हा सड्यावरूनच जातात. तिथून पुढचं काम त्या दोघांचंच.

आता प्रत्यक्ष जाणं. वेळ महत्त्वाची. एप्रिल-मे नको, बागायतदाराला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. लावणीच्या दिवसांत नको. लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या आधी जे ओले, रिकामे दिवस मिळतात ते सगळ्यात बरे. दर्यावर जाणाऱ्यांसाठी १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असते, माणूस पडवीत जाळं विणत बसलेला असतो. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती राहत नाही. संध्याकाळी उशिरा जाऊ नये, दोघांपैकी कुणी प्यायलेला असेल तर मुळीच नाही. बाजारात, तिठ्यावर, एसटीत विषय काढू नये. व्हॉट्सॲपच्या वाडीच्या ग्रुपवर माफी लिहिणं तर सगळ्यात वाईट; तिथं समोरच्याला मनातलं उत्तर देताच येत नाही, हात जोडल्याचं चित्र टाकावं लागतं. मित्र मुंबईला असेल तर आधी फोन करून एवढंच सांगावं की गावी आलास की भेटायला यायचंय. कशासाठी, ते त्याला कळतं.

शब्द मोजके हवेत. ‘तुका वायट वाटला आसात तर माफ कर’ ही माफी नव्हे. यात चूक समोरच्याच्या वाटण्यात ढकलली आहे. ‘मी तुका पट्टी दाखवूक नाय. चुकी माझी,’ इतकं पुरतं. त्याच्यापुढे ‘पण’ जोडला की आधीचं सगळं वाया. आपली अडचण, घरचं ऑपरेशन, दलालाचा दबाव हे सगळं खरं असलं तरी त्यानं विचारल्याशिवाय सांगू नये. मग गप्प बसावं. ही शांतता फार जड जाते, आणि ती सहन न होऊन माणसं काहीबाही बोलून केलेलं बिघडवतात. तो ओरडला तर ओरडू द्यावं. जुनी पाच वर्षांपूर्वीची गोष्ट काढली तर ‘ती आज कशाला’ म्हणू नये. त्याच्यासाठी ती आजचीच आहे. आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आला तर घ्यावा. चहा आला नाही तर मनाला लावून घेऊ नये. पहिल्या भेटीत उत्तराची अपेक्षाच धरू नये. हिशेबाचं पान त्याच्याकडे ठेवून निघावं.

गणपती ही या कामासाठी कोकणाला मिळालेली मोठी सोय आहे. दर्शनाला जायला आमंत्रण लागत नाही. ज्या घराच्या ओटीवर वर्षभर पाय ठेवला नाही तिथं हातात दूर्वा-फुलं घेऊन सरळ जाता येतं, आणि यजमान आलेल्याला परतवत नाही, कारण माणूस देवाकडे आलेला असतो. आरतीला झांजा हातात दिल्या जातात, मोदक पुढे येतो. पण याच गोडीत एक धोका आहे. सगळी वाडी बघते की अमका तमक्याकडे आरतीला आला, आणि मिटलं असं ठरवून मोकळी होते. दोघांनाही ते बरं वाटतं, मूळ गोष्टीला कुणी हात लावत नाही, आणि पुढल्या हंगामात ती तशीच वर येते. दर्शनाच्या निमित्तानं दार उघडावं. बोलणं विसर्जनानंतर, चाकरमानी परतल्यावर, घर रिकामं झाल्यावर करावं. दसऱ्याचं सोनं आणि संक्रांतीचा तिळगूळ यांचंही असंच आहे. शिमग्यात पालखी घरी येते तो दिवस मात्र टाळावा. मानपानाची धग आधीच असते, आणि शंभर डोळ्यांपुढे कुणालाच नमतं घेता येत नाही.

ज्यानं माफ करायचं त्याच्याबद्दलही बोलायला हवं, कारण श्रद्धेच्या नावाखाली दडपण त्याच्यावरच येतं. ‘देवाचा दिवस हा, मिटवून टाक’ असं चार वडीलधारे म्हणतात आणि माणूस मान डोलावतो. ही माफी टिकत नाही. मनातला राग देवाच्या पायाशी ठेवणं हे त्याचं एकट्याचं काम आहे, ते मित्र आला नाही तरी करता येतं, आणि करावं. रागानं रात्रीची झोप जाते ती त्याचीच. पण राग सोडणं म्हणजे बाग परत त्याच मित्राच्या ताब्यात देणं नव्हे. जिथं मारहाण झाली, घरातल्या बाईकडे वाईट नजरेनं पाहिलं गेलं, दारूपायी पुन्हा पुन्हा तेच घडलं, तिथं समेटाचा आग्रह धरणाऱ्यांनी गप्प राहावं. तिथं अंतर ठेवून जगण्याचा त्या माणसाला पूर्ण अधिकार आहे, आणि देवही त्याच्यावर रुसत नाही असा माझा विश्वास आहे.

मध्यस्थ घ्यावा का? दोघांना ‘अरे’ म्हणू शकेल असा एखादा काका, मामा, जुना मास्तर असेल तर त्याचा उपयोग निरोपापुरता. माफी त्याच्या तोंडून पाठवू नये. निरोपात शब्द बदलतात, आणि मध्यस्थाला थोडं गोड करून सांगायची सवय असते.

विश्वास परत येतो तो लहान वस्तूंवरून. आधी फवारणीचा पंप मागून न्यावा आणि सांगितल्या दिवशी, धुऊन, टाकी कोरडी करून परत द्यावा. मग एखाद्या दिवसाची राखण. मग दहा पेट्यांची गाडी एकत्र पाठवावी, पट्टी आली की त्याच दिवशी तिचा फोटो दुसऱ्याला पाठवावा. पूर्ण बाग निदान एक फळाचा आणि एक पडता असे दोन हंगाम गेल्याखेरीज पुन्हा एकत्र धरू नये. पडतं वर्ष एकत्र काढल्याशिवाय काही कळत नाही. धरलीच तर बोली तोंडी न ठेवता साध्या कागदावर लिहावी: वाटा, खर्च कुणाचा, कल्टार घालायचं की नाही, घालायचं तर किती आणि कुणाच्या समोर, उचल घ्यायची तर दोघांच्या संमतीनं. ‘आपल्यात कागद कशाला’ असं म्हणणारा मित्र प्रेमानंच म्हणतो, तरी लिहावं.

आणि कधी कधी उशीर झालेला असतो. जायचं जायचं म्हणताना मित्रच जातो. बाराव्या-तेराव्याच्या गर्दीत, भिंतीला टेकून बसलेल्या माणसांपुढे आपलं मन मोकळं करू नये. ते घर तेव्हा आपलं दुःख सांभाळायच्या स्थितीत नसतं. महिना-दीड महिना जाऊ द्यावा. मग त्याच्या बायकोला किंवा मुलाला भेटून, काय घडलं होतं आणि त्यात आपलं काय चुकलं होतं, ते नेमकं सांगावं. त्याचं काय चुकलं ते सांगू नये, ते बोलायला आता तो नाही. देणं निघत असेल तर पैसे आणि हिशेबाचं पान एकत्रच त्यांच्या हातात द्यावं, आकडे एकदा वाचून दाखवावेत, आणि पावती मागू नये.